सुई न टोचता बाळाच्या हृदयाचं काम कसं मोजायचं: पीआयसीयूत नव्याने आलेल्यांसाठी

गंभीर आजारी मुलाच्या उशाशी असलेला मॉनिटर बरंच काही दाखवतो, पण हृदय दर मिनिटाला किती रक्त पुढे ढकलतंय हे त्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. बीपी ठीक दिसतं म्हणून निश्चिंत राहावं तर मुलांच्या बाबतीत तो मोठा धोका. मुलांच्या रक्तवाहिन्या जोरात आकसतात आणि बीपी बराच वेळ धरून ठेवतात. ते पडलेलं दिसतं तोवर शॉक (अवयवांना पुरेसं रक्त न पोचण्याची अवस्था) बराच पुढे गेलेला असतो. तान्ह्या बाळाचं हृदय एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त फारसं वाढवू शकत नाही, म्हणून ते ठोके वाढवतं. १९० वरून ९० वर आलेला हार्ट रेट पाहून हायसं वाटत असेल तर आधी बाळाकडे बघा: ठोके पडले की रक्तही कमी पडतं.

पीआयसीयू-एनआयसीयूत (मुलांच्या आणि नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागांत) नुकत्याच रुजू झालेल्या रेसिडेंट आणि सिस्टर्ससाठी हे लिहिलं आहे. उपचाराचा निर्णय सीनियरबरोबरच घ्यायचा. त्याला दाखवायचे आकडे मात्र तुम्हीच घेणार आहात, तेव्हा ते नीट घ्यायला हवेत.

आधी प्रश्न ठरवा

इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) प्रोब उचलण्याआधी मनाशी एक वाक्य म्हणा: मला काय जाणून घ्यायचंय? हृदयात रक्त कमी भरतंय का, आकुंचन कमजोर आहे का, बाहेरून काही दाबतंय का, की हृदय ठीक आहे पण रक्तवाहिन्या सैल पडल्यात? आणि सलाईनचा आणखी एक बोलस (थोड्या वेळात एकदम दिलेला डोस) दिला तर फायदा होईल की फुप्फुसात पाणी होईल? प्रश्न नसताना काढलेल्या इकोमधून आकडे ढीगभर निघतात आणि उपचार तिथल्या तिथेच राहतो.

पायरी १: हात लावून बघणं

कॅपिलरी रिफिल बहुतेक जण घाईत चुकीचा बघतात. छातीच्या मधल्या हाडावर बोट ठेवून पूर्ण ५ सेकंद दाबा, सोडा आणि रंग परत यायला किती सेकंद लागतात ते मोजा. मोठ्या मुलात २ सेकंदांपर्यंत ठीक, नवजात बाळात ३ पर्यंत. बोटावर बघायचं तर हात हृदयाच्या पातळीच्या थोडा वर धरा. एसी जोरात असेल, बाळ उघडं असेल किंवा ताप नुकताच चढत असेल तर बोटावरचा रिफिल फसवतो.

पाय गार आहेत एवढंच लिहू नका. गारवा घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत की गुडघ्याच्या वर, ते लिहा. दोन तासांनी तो खाली सरकला की वर चढला, हे त्याशिवाय कळणार नाही. मांडीच्या सांध्यातली नाडी आणि पायाच्या पंज्यावरची नाडी एकाच वेळी दोन हातांनी बघा. वरची भरलेली आणि खालची बारीक लागत असेल तर रक्तवाहिन्या आकसल्यात.

यकृताची कड बरगडीखाली किती सेंटीमीटर लागते ते बघून पेनाने त्वचेवर रेघ मारा. प्रत्येक बोलसनंतर पुन्हा चाचपा. रेघ ओलांडून यकृत खाली आलं तर पुढचा बोलस थांबवून सीनियरला बोलवा. एवढा स्वस्त मॉनिटर दुसरा नाही, आणि नाइट ड्यूटीत सगळ्यात आधी विसरला जातो तोही हाच.

लघवी लहान मुलात ताशी किलोमागे १ मिली तरी हवी. कॅथेटर नसेल तर कोरडा डायपर आधी वजन करून ठेवा आणि नंतर फरक काढा. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली.

हाताने कळतं ते महत्त्वाचं असलं तरी त्याला मर्यादा आहे. सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन या सेप्सिसच्या (शरीरभर परिणाम करणाऱ्या गंभीर जंतुसंसर्गाच्या) उपचारासाठीच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या २०२० च्या मुलांसाठीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की केवळ बेडसाइड लक्षणांवरून 'वॉर्म शॉक' (हातपाय गरम) आणि 'कोल्ड शॉक' (हातपाय गार) अशी विभागणी करू नये. हात गरम लागणाऱ्या मुलाचं हृदय इकोवर ढेपाळलेलं निघू शकतं. म्हणून पुढच्या पायऱ्या.

पायरी २: आहे तो मॉनिटर नीट लावा

बीपीचा कफ जो हाताला लागला तो बांधायचा नाही. कफच्या आतल्या फुगणाऱ्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के हवी आणि लांबीने तिने घेराचा ८० ते १०० टक्के भाग वेढायला हवा. लहान कफ बीपी खोटं जास्त दाखवतो, मोठा खोटं कमी. शॉकच्या मुलात लहान कफची चूक जास्त महागात पडते, कारण आकडा बघून सगळे निवांत होतात. शिवाय बीपी खूपच खाली असताना ऑटोमॅटिक मशीन ते खऱ्यापेक्षा जास्त दाखवण्याकडे झुकतं. हाताला नाडी लागत नाही आणि मशीन ८५ दाखवतंय, तर हातावर विश्वास ठेवा.

सिस्टोलिकची (वरच्या बीपीची) खालची मर्यादा पाठच हवी: पूर्ण दिवसांच्या नवजात बाळात ६०, एक महिना ते एक वर्ष ७०, १ ते १० वर्षं ७० अधिक वयाची दुप्पट, त्यापुढे ९०. चार वर्षांच्या मुलाला ७८ च्या खाली गेलं की हायपोटेन्शन. मीन प्रेशरसाठी (सरासरी बीपी) ४० अधिक वयाची दीडपट ही साधारण खालची कड धरतात.

पल्स ऑक्सिमीटरवर टक्केवारीच्या आधी लाट बघा. लाट चपटी असेल तर टक्केवारीला अर्थ नाही. त्याच सेन्सरवर परफ्यूजन इंडेक्स (सेन्सरखालच्या रक्तप्रवाहाचा जोर दाखवणारा आकडा) येत असेल तर तो तासातासाला लिहा. एका आकड्यापेक्षा त्याचा कल उपयोगी. नवजात बाळात सेन्सर उजव्या हाताला, आणि डक्टस (महारोहिणी आणि फुप्फुसाची रोहिणी जोडणारी, जन्मानंतर बंद होणारी नळी) उघडी असल्याचा संशय असेल तर दुसरा पायाला.

व्हेंटिलेटरवरच्या मुलाला कॅप्नोग्राफ (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) असेल तर लक्षात ठेवा: सेटिंग बदललेली नाही, नळी जागेवर आहे, तरी एंड-टायडल (उच्छ्वासाच्या शेवटचा) कार्बन डायऑक्साइड अचानक खाली आला, तर फुप्फुसापर्यंत रक्त पोचणं कमी झालेलं असू शकतं. नळी तपासून झाली की लगेच नाडी बघा.

पायरी ३: इको, आणि त्यातही एकच माप पक्कं

नवख्याने इकोतली दहा मापं अर्धवट शिकण्यापेक्षा व्हीटीआय (व्हेलॉसिटी टाइम इंटिग्रल) हे एक माप पक्कं करावं. डाव्या कप्प्यातून महारोहिणीकडे जाणाऱ्या वाटेत एका ठोक्याला रक्ताचा स्तंभ किती सेंटीमीटर पुढे सरकतो, ते हे माप. वाटेचं क्षेत्रफळ आणि हे अंतर यांचा गुणाकार म्हणजे एका ठोक्याचं रक्त.

तयारी. नवजात बाळाला ८ ते १२ मेगाहर्ट्झचा फेज्ड अ‍ॅरे प्रोब, लहान मुलाला ५ ते ८, किशोरवयीनाला २ ते ५. जेल कोमट करून घ्या. गार जेलने बाळ दचकतं, रडतं, ठोके वाढतात आणि कमी दिवसांच्या बाळाचं तापमानही घसरतं. वॉर्मर चालू ठेवा, लागेल तेवढाच भाग उघडा करा. इसीजीची लीड इको मशीनला जोडा आणि स्वीप स्पीड १०० मिलिमीटर प्रति सेकंद ठेवा. ठोके जलद असल्यामुळे कमी वेगात लाटा एकमेकींना चिकटतात. इकोसाठी म्हणून शॉकच्या मुलाला गुंगीचं औषध देऊ नका. कायद्याची बाजूही बघा: मशीनची पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानाला बंदी करणाऱ्या) कायद्याखाली नोंदणी हवी, आणि पोर्टेबल मशीन नोंदणीच्या जागेबाहेर असंच उचलून नेता येत नाही.

पहिलं चित्र पोटाकडून, छातीच्या हाडाच्या टोकाखालून घ्या. अर्ध्या मिनिटात तीन गोष्टी दिसतात: हृदयाभोवती पाणी आहे का, डावा कप्पा डोळ्यांना कसा आकुंचन पावतोय, आणि पोटातली मोठी शीर फुगलेली आहे की चपटी. हृदयाभोवती पाणी आणि उजवा कप्पा दबलेला दिसला तर मापं घेत बसू नका, तिथूनच सीनियरला हाक मारा.

व्यास. उरोस्थीच्या डाव्या कडेला, मार्कर उजव्या खांद्याकडे, लांब अक्षाचं चित्र. झूम करा. झडप पूर्ण उघडी असताना, झडपेच्या पाकळ्या जिथे भिंतीला जोडलेल्या असतात तिथे, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत. तीनदा मोजा, सरासरी घ्या.

डॉपलर (रक्ताचा वेग मोजण्याची पद्धत). हृदयाच्या टोकावरून चार कप्प्यांचं चित्र, मग प्रोबची शेपटी किंचित खाली केली की महारोहिणीची वाट उघडते. पल्स्ड डॉपलरचा गेट (वेग मोजायच्या जागेची खूण) झडपेच्या लगेच अलीकडे ठेवा. झडप बंद होतानाची रेघ लाटेच्या शेवटी दिसली तर जागा बरोबर. लाटेची बाहेरची ठळक कड आखा, भोवतालची धूसर पिसं आखू नका. श्वासाबरोबर उंची बदलते, म्हणून तीन ते पाच ठोक्यांची सरासरी.

आता हिशेब. ५ किलोचं बाळ, व्यास ८ मिलिमीटर, व्हीटीआय १२ सेंटीमीटर, ठोके १५०. क्षेत्रफळ = ०.७८५ × ०.८ × ०.८, म्हणजे सुमारे ०.५ चौरस सेंटीमीटर. त्याला १२ ने गुणलं की एका ठोक्याला ६ मिली. मिनिटाला सुमारे ९०० मिली, किलोमागे १८०. बाळाचं शरीरपृष्ठ ०.२८ चौरस मीटर धरलं तर कार्डियाक इंडेक्स (शरीरपृष्ठाच्या चौरस मीटरमागे मिनिटाला लिटर) ३.२. सेप्टिक शॉकमध्ये ३.३ ते ६ हा पल्ला गाठायचा असं सांगितलं जातं, म्हणजे हे बाळ काठावर आहे.

आता व्यास चुकून ७ मिलिमीटर घेतला असता तर? बाकी सगळं तेच, तरी उत्तर किलोमागे १३८ वर आलं असतं. एका मिलिमीटरच्या चुकीने जवळजवळ चौथा हिस्सा रक्त गायब! व्यासाचा वर्ग होतो, त्यामुळे चुकीचाही होतो. म्हणून व्यास पहिल्या दिवशी शांतपणे मोजून चार्टवर लिहून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक वेळी तोच वापरा. रात्रीच्या रेसिडेंटने नवा व्यास मोजला तर कार्डियाक आउटपुट (हृदय मिनिटाला पुढे ढकलतं ते रक्त) 'सुधारतं' किंवा 'बिघडतं', आणि बाळ मात्र जसंच्या तसं असतं. आमच्या मते रोजच्या कामाला व्यास लागतच नाही: व्हीटीआय गुणिले ठोके एवढंच दर वेळी लिहा आणि त्याची दिशा बघा.

दुसरी चूक कोनाची. डॉपलरची रेघ आणि रक्ताचा प्रवाह यांत २० अंशांपर्यंत कोन असेल तर वेग जेमतेम ६ टक्के कमी दिसतो. ३० अंशांना १३ टक्के, ६० ला निम्मा. कोन नेहमी वेग कमीच दाखवतो, जास्त कधीच नाही. त्यामुळे शंका आली तर प्रोब हलवून सगळ्यात उंच आणि स्वच्छ लाट मिळेल ती खरी धरा. मशीनमधलं 'अँगल करेक्शन' इथे वापरू नका.

व्हीटीआय कमी आला तर कारण आकुंचनात आहे का, हे फ्रॅक्शनल शॉर्टनिंग सांगतं. एम-मोडवर (एकाच रेषेवरची हालचाल वेळेनुसार दाखवणाऱ्या चित्रात) डावा कप्पा भरलेला असताना २२ मिलिमीटर, आकसल्यावर १८. फरक ४, भागिले २२, म्हणजे १८ टक्के. साधारण २८ च्या खाली कमी मानतात. पण फुप्फुसाचं प्रेशर वाढलेल्या नवजात बाळात मधला पडदा चपटा होऊन विचित्र हलतो, तिथे हा आकडा निरुपयोगी. तिथे डोळ्यांवर भिस्त ठेवा आणि उजवा कप्पा डाव्यापेक्षा मोठा झालाय का ते बघा.

नवजात बाळातली आणखी एक मेख: डक्टस उघडी असेल आणि रक्त डावीकडून उजवीकडे जात असेल तर डाव्या कप्प्याचं आउटपुट भरपूर दिसतं, पण त्यातलं बरंच फुप्फुसाकडे परत जातं. शरीराला मिळणारं रक्त कमीच असतं. अशा बाळात वरच्या महाशिरेतून येणारा प्रवाह मोजतात. ते माप अवघड आहे, पहिल्या महिन्यात त्याच्या नादी लागू नका.

पायरी ४: बोलस द्यायचा की नाही?

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फीस्ट चाचणीने या प्रश्नाचं गांभीर्य दाखवून दिलं. युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या ३१४१ तापाच्या गंभीर मुलांत बोलस मिळालेल्यांचा ४८ तासांतला मृत्युदर बोलस न मिळालेल्यांपेक्षा जास्त निघाला. तिथे व्हेंटिलेटरसारख्या सोयी नव्हत्या, त्यामुळे ते निष्कर्ष सुसज्ज पीआयसीयूला जसेच्या तसे लागू करत नाहीत. पण 'शॉक दिसला की सलाईन सोडा' ही सवय मात्र सुटायला हवी.

व्हेंटिलेटरवरच्या मुलात सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे श्वासाबरोबर महारोहिणीतल्या सर्वोच्च वेगात होणारा बदल. वरच्याच डॉपलर चित्रात एका श्वासातला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेग घ्या. समजा ११० आणि ९४. फरक १६, सरासरी १०२, म्हणजे सुमारे १६ टक्के. वेगवेगळ्या अभ्यासांत उंबरठा ७ ते २० टक्क्यांपर्यंत आलाय. बरेच जण १२ च्या आसपास धरतात; बदल त्याहून जास्त असेल तर हृदय बोलसला साथ देण्याची शक्यता जास्त. अट अशी की मूल स्वतः श्वास घेत नसावं, ठोके नियमित असावेत आणि टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) फार लहान नसावा. मूल व्हेंटिलेटरशी झगडत असेल तर हा आकडा काढूच नका. पोटातल्या मोठ्या शिरेच्या फुगण्या-आकसण्यावरून मुलांत अंदाज बांधणं त्याहून कमी भरवशाचं.

स्वतः श्वास घेणाऱ्या मुलात सरळ मार्ग: व्हीटीआय घ्या, किलोमागे १० मिली बोलस द्या, लगेच पुन्हा व्हीटीआय घ्या. १० ते १५ टक्के वाढला तर हृदयाने साथ दिली. वाढला नाही आणि यकृताची कड खाली सरकली किंवा फुप्फुसाच्या सोनोग्राफीत नव्या बी-लाइन्स (फुप्फुसात पाणी झाल्याच्या उभ्या पांढऱ्या रेघा) दिसल्या, तर पाणी बंद. आणि एक लक्षात असू द्या: निरोगी मुलाचं हृदयही बोलसला साथ देतं. साथ देतंय म्हणून द्यायलाच हवं असं नाही. आधी रक्त कमी पडतंय का हे ठरवा.

विंचवाचं उदाहरण

कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात काम करणाऱ्यांना हे सगळं एका रात्रीत लागू शकतं. लाल विंचू चावलेलं मूल येतं: उलट्या, दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे गार, ठोके जलद, कॅपिलरी रिफिल लांबलेला. वरवर पाहता कोल्ड शॉक. पण विषाने शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या रसायनांचं वादळ उठलेलं असतं, रक्तवाहिन्या घट्ट आकसलेल्या असतात, बीपी सुरुवातीला चढलेलं असू शकतं, आणि दमलेला डावा कप्पा त्या दाबाविरुद्ध ढकलत असतो. इथे धडाधड बोलस दिले तर फुप्फुसात पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांत प्राझोसिन (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) वापरून हे चित्र बदललं: किलोमागे ३० मायक्रोग्रॅम तोंडावाटे, ३ तासांनी पुन्हा, मग हातपाय गरम होईपर्यंत दर ६ तासांनी. उलट्या-घामाने कमी झालेलं पाणी भरून काढायचं असतंच, पण मोजून.

मॉनिटरिंगचा क्रम असा: बीपी मुलाला आडवं ठेवूनच, सुरुवातीला दर अर्ध्या तासाने. पहिल्या डोसनंतर त्याला उचलून कडेवर घेऊ देऊ नका, बीपी एकदम पडू शकतं. आईला हे आधीच समजावून सांगा. पाय कुठपर्यंत गार आहेत ते दर वेळी लिहा, इथे तोच उपचाराचा काटा. इकोवर कप्पा मंद हलत असेल किंवा बी-लाइन्स असतील तर सलाईन हात राखून, आणि डोब्युटामिनचा (आकुंचन वाढवणाऱ्या औषधाचा) निर्णय सीनियरबरोबर.

पायरी ५: सतत चालणारी उपकरणं

इलेक्ट्रिकल कार्डिओमेट्रीत (छातीच्या विद्युत-रोधातल्या बदलावरून हृदयाचं आउटपुट काढण्याच्या पद्धतीत) चार इलेक्ट्रोड लागतात. तान्ह्या बाळाला कपाळ, मानेची डावी बाजू, छातीच्या डाव्या बाजूला काखेच्या मध्यरेषेवर उरोस्थीच्या टोकाच्या पातळीत, आणि डावी मांडी. त्वचा आधी पुसून कोरडी करा. मालिशचं तेल राहिलं तर सिग्नल येत नाही. वजन आणि उंची चुकीची भरली तर सगळे आकडे चुकीचे. अंगावर सूज, छातीत पाणी, हाय फ्रिक्वेन्सी व्हेंटिलेशन किंवा रडणं यांत आकडा उड्या मारतो, म्हणून सिग्नलचा दर्जा दाखवणारी पट्टी बघितल्याशिवाय आकडा उतरवू नका. इकोच्या आकड्याशी तो तंतोतंत जुळणार नाही. एकाच बाळात दोन पद्धती आलटून पालटून वापरू नका.

निअर इन्फ्रारेडचे (त्वचेखालच्या अवयवातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारे) दोन सेन्सर लावतात, एक कपाळावर, एक कमरेच्या बाजूला मूत्रपिंडावर. मेंदूचा आकडा साधारण ६० ते ८०, कमरेचा त्याहून थोडा वर. शॉकमध्ये शरीर मेंदू वाचवतं, म्हणून आधी कमरेचा घसरतो. तो मेंदूच्या खाली गेला किंवा मूळ आकड्यापासून २० टक्के पडला तर बाळाकडे जा. व्हेंटिलेटरवर कार्बन डायऑक्साइड जास्त धुतला गेला तर मेंदूचा आकडा हृदयाचा काही दोष नसताना पडतो. सेन्सरखालची त्वचा ठरावीक वेळाने बघा. कमी दिवसांच्या बाळाची कातडी सोलते.

चार्टवर काय लिहायचं

एकाच ओळीत: वेळ, ठोके, मीन बीपी, व्हीटीआय, गारवा कुठपर्यंत, यकृत किती सेंटीमीटर, लघवी, आणि त्या वेळी चालू असलेल्या औषधांचे डोस व व्हेंटिलेटरची सेटिंग. डोस लिहिला नाही तर सकाळच्या राउंडला व्हीटीआय का वाढला हे कुणालाच सांगता येत नाही. इको रोज ठरल्या वेळी काढण्यापेक्षा प्रत्येक मोठ्या बदलाच्या आधी आणि नंतर काढा: बोलस, नवं इनोट्रोप (हृदयाचं आकुंचन वाढवणारं औषध), पीप (उच्छ्वासाच्या शेवटी व्हेंटिलेटरने राखलेला दाब) वाढवणं.

दोन इनोट्रोप चालू आहेत आणि तरी बीपीवर भरवसा वाटत नाही, लॅक्टेट (रक्तपुरवठा कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) उतरत नाही, किंवा कफ आणि हात वेगळंच सांगतायत, अशा वेळी सुई न टोचण्याचा हट्ट सोडून आर्टेरियल लाइनचा (रोहिणीत घालून सतत बीपी दाखवणाऱ्या नळीचा) ट्रे मागवा. ती लावली तरी व्हीटीआयची ओळ चालूच ठेवायची, कारण लाइन दाब दाखवते, प्रवाह दाखवत नाही.